गाठींचा दोरा

एका राज्यात तुकड्यातल्या अंकांना थारा नव्हता. मूल जन्मलं की आईनं रोज दोऱ्याला एक गाठ मारायची, वय विचारलं की गाठी मोजून सांगायचं, ही तिथली जुनी रीत. पण ‘चाळीस वर्षं, बारा दिवस’ असलं काही ऐकलं की राजा अखंडसेनाचं कपाळ दुखे. त्यानं दोरे जाळायचा हुकूम काढला आणि चौकात तांब्याचा पुतळा उभा केला. पुतळा ज्याचं जे वय लिही, तेवढ्या वयाचा तो होई.

पुतळ्याचा मंत्र दरबारची मंत्रलेखिका चंद्रावळ हिनं रचला: रोज वयात एक दिवस मिळव, वर तुकडा उरला तर त्याचं पूर्ण वर्ष कर, तेच लिहून ठेव.

चूक तिथंच झाली. पूर्ण अंक राजाला नुसता सांगायचा होता, लिहून ठेवायचा नव्हता. आता दर पहाटे एक दिवस वाढे आणि त्याचं वर्ष होई. महिनाभरात राज्यातले म्हातारे संपले. अठ्ठावीसची चंद्रावळ अठ्ठावन्नची झाली. तिची तीन वर्षांची जाई तेहतीसची झाली, तरी बोबडंच बोले.

चंद्रावळ मंत्र बदलायला गेली. पुतळ्याच्या खांद्यावर राखण करणारी साळुंकी आडवी आली आणि म्हणाली, “तीन कामं कर, बाई. आटलेल्या विहिरीतला आवाज आण. बिनसावलीच्या झाडाचं पान आण. मग आपली चूक भरदरबारात वाच.”

एकेका कामाला एकेक दिवस लागला. एकेका दिवसानं जाईचं एकेक वर्ष खाल्लं.

तिसऱ्या दिवशी तिनं चूक वाचली. पुतळा ज्यांची वयं लिही, त्या यादीत अखंडसेनानं स्वतःचं नाव घालूच दिलं नव्हतं. तो तरणाबांड बसला होता.

“तक्रार करणारे कितीसे उरलेत?” त्यानं विचारलं.

“जे उरले नाहीत त्यांचीच तक्रार आहे, महाराज.”

दरबारी एकमेकांच्या पांढऱ्या केसांकडे बघत राहिले. मग त्यांनीच त्याचा मुकुट उतरवला.

साळुंकी बाजूला झाली. चंद्रावळनं मंत्रात बदल केला: तुकडा तुकडाच लिही, पूर्ण अंक फक्त बोलताना. शाप थांबला. पण पुतळ्यानं जुने तुकडे केव्हाच टाकून दिले होते. ज्याच्याजवळ गाठी, त्याचंच वय परत येणार होतं. जाईचा दोरा चंद्रावळनं तांदळाच्या मडक्यात लपवला होता आणि रोजची गाठ चुकवली नव्हती. तिचा स्वतःचा दोरा हुकमाप्रमाणे जळाला होता.

तिनं गाठी मोजल्या. अकराशे त्र्याण्णव. पुतळ्यानं लिहिल्या, आणि जाई पुन्हा तिच्या मांडीएवढी झाली.

पोरीनं वर पाहिलं. “आजी, माझी आई कुठाय?”

चंद्रावळनं दोरा हातात घेतला आणि आजची गाठ मारली.