टिकल्यांचा मणी आणि उलटी गादी

एका पेठेत त्र्यंबकशेट नावाचे रत्नपारखी होते. पेठेचा स्वतःच्या डोळ्यांपेक्षा त्यांच्या डोळ्यांवर जास्त भरवसा. ते खडा उजेडात धरत, एक डोळा मिटत आणि म्हणत, "खरा," नाहीतर "खोटा." 'सांगता येत नाही' हे शब्द त्यांच्या तोंडून कुणी कधी ऐकले नव्हते.

त्या पेठेची एक रीत होती. ज्याचा माल खोटा ठरे, त्याच्या दुकानातली गादी चारचौघांसमोर उलटी घालत. एकदा गादी उलटली की त्या माणसाने पुन्हा तिथे बसायचं नाही.

पेठेत तृणमण्यांना मोठी मागणी होती. तृणमणी म्हणजे झाडाची राळ, लाखो वर्षं जमिनीखाली राहून दगडासारखी झालेली. कापडावर घासली की ती गवताची काडी ओढून घेते, म्हणून हे नाव. त्र्यंबकशेटांची खूण पक्की होती. खरा तृणमणी मधासारखा नितळ हवा आणि आत चकाकत्या सोनेरी टिकल्या हव्यात. बारा वर्षांपूर्वी भिकूशेट नावाच्या व्यापाऱ्याने मणी आणले, ते ताकासारखे गढूळ. "खोटे," त्र्यंबकशेट म्हणाले आणि भिकूशेटची गादी उलटली. त्यातला एक मणी त्र्यंबकशेटांनी आपल्या टिकल्यांच्या मण्याशेजारी डबीत ठेवला. शिकाऊ पारख्यांना खरं-खोटं दाखवायला ही जोडी कामी येई.

त्यांची मुलगी केतकी शहरातल्या प्रयोगशाळेत खडे तपासायची. एकदा घरी येताना ती एक लहानसं यंत्र घेऊन आली. ते डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण खड्यावर सोडतं. खडा त्यातले काही गिळतो, काही परत पाठवतो आणि पडद्यावर चढउतारांची रेघ उमटते. मणी कुणी तापवला असेल तर त्याच्या आतला पदार्थ बदलतो आणि रेघही बदलते.

यंत्राची फजिती करावी म्हणून त्र्यंबकशेटांनी डबी पुढे केली. "यातला खरा कोणता, सांग."

केतकीने दोन्ही मणी तपासले. "गढूळ आहे तो अस्सल. टिकल्यांचा तापवलेला."

"उलटं सांगितलंस."

तिने पुन्हा तपासलं. रेघ तीच आली. "बाबा, गढूळ मणी तेलात तापवला की नितळ होतो. त्या टिकल्या म्हणजे तापताना आत पडलेल्या भेगा आहेत."

चाळीस वर्षं ज्यांनी कुणाचं ऐकलं नाही, ते मुलीचं काय ऐकणार? त्यांनी गढूळ मण्याचा एक तुकडा काढला, जवसाच्या तेलात टाकला आणि मंद आचेवर ठेवून स्वतः चुलीपाशी बसून राहिले. संध्याकाळी तुकडा बाहेर काढला. तो मधासारखा नितळ झाला होता. आत सोनेरी टिकल्या चकाकत होत्या.

त्यांनी तो डबीतल्या टिकल्यांच्या मण्याशेजारी धरला. दोघांत काही फरक नव्हता.

"बाबा," केतकी हळूच म्हणाली, "म्हणजे भिकूकाका..."

ही गोष्ट जगात दोघांनाच ठाऊक होती. डबी मिटली असती तर त्र्यंबकशेट मरेपर्यंत पेठेचे पारखी राहिले असते. ते कितीतरी वेळ त्या डबीचं झाकण उघडत-मिटत बसले.

दुसऱ्या दिवशी ते आठवडी बाजारात गेले. भिकूशेट तिथे बांगड्या विकायला बसत. त्र्यंबकशेटांनी सगळ्यांदेखत हात जोडले. "भिकूशेट, तुमचे मणी खरे होते. चूक माझी. पेठेत चला, मी माझ्या हाताने तुमची गादी सरळ घालतो."

बांगड्या पुसता पुसता भिकूशेट म्हणाले, "गादी होईल हो सरळ. पण माझी आई मरताना मला विचारून गेली, 'भिक्या, आता तरी खरं सांग, खोटे होते का रे मणी?' तिला कोण सांगणार?"



भिकूशेट पेठेत आले नाहीत. त्र्यंबकशेट एकटेच परतले. त्यांनी पेठ गोळा केली, सगळी हकिकत सांगितली आणि आपली गादी स्वतःच्या हाताने उलटी घातली. लोकांनी पुष्कळ विनवण्या केल्या, पण ते पुन्हा तिच्यावर बसले नाहीत.

दोन मण्यांची ती डबी अजून पेठेत आहे. नव्या पारख्याला आधी तीच देतात आणि विचारतात, "खरा कोणता?" तो हसत टिकल्यांच्या मण्याकडे बोट दाखवतो. मग त्याला भिकूशेटच्या आईची गोष्ट सांगतात.

तात्पर्य: दुसऱ्याला खोटं ठरवण्याआधी आपली कसोटी खरी आहे ना, हे पाहावं. चूक पुढे कबूल करता येते, पण तिची माफी ऐकायला सगळेच मागे उरलेले नसतात.