पुतळ्याच्या मापाचं चिलखत

रोमच्या फौजेतला सरदार वारोनियस म्हणजे नुसता तोरा! चौकात त्याचा संगमरवरी पुतळा होता. पोट सपाट, छाती कोरीव. चिलखतं घडवणाऱ्या प्रिस्काबाईला त्याने फर्मावलं, "माझं माप कशाला घेतेस? पुतळा म्हणजे हुबेहूब मीच. तसंच पितळी चिलखत घडव. पुतळ्यात नि चिलखतात केसाचाही फरक नको!"

मिरवणुकीच्या सकाळी प्रिस्का चिलखत घेऊन आली. पण पुढचा-मागचा पत्रा काही केल्या जुळेना. मध्ये सरदाराचं पोट आडवं आलं.

"माप चुकलं तुझं!" वारोनियस फौजेदेखत गरजला. "आत्ताच्या आत्ता दुरुस्त कर, नाहीतर दुकानाला टाळं ठोकतो!"

प्रिस्का डगमगली नाही. तिने तेच चिलखत चौकातल्या पुतळ्याला चढवलं. अगदी चपखल बसलं.

"करते की सैल, सरकार," ती म्हणाली. "पण केसाचाही फरक नको म्हणालात ना? मग पाथरवटालाही बोलावते. पुतळ्याला पोट बसवायला कितीसा वेळ लागणार?"

वारोनियसने मुकाट्याने पोट आत ओढलं आणि चिलखत चढवलं.

मिरवणुकीत लोकांनी जयजयकार केला, तरी त्याने हूं की चूं केलं नाही. तोंड उघडलं असतं, तर श्वास सुटला असता, आणि पाठोपाठ चिलखतही!