टेकडीवरून दिसलेली भिंत

फार जुन्या काळची गोष्ट. एका डोंगरी राज्याच्या गडाची भिंत ऐन युद्धाच्या तोंडावर कोसळली. शत्रू दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या टेकडीवर येणार होता, आणि खिंडार बुजवायला गवंड्यांना निदान आठवडा हवा होता. राजाने चिताऱ्याला बोलावले.

"खिंडारावर कापड ताणलं आहे. त्यावर भिंत रंगव, शत्रूला खरी वाटेल अशी. चुकलास तर गड गेला."

चिताऱ्याने लगेच कुंचले उचलले. त्याचे घर, त्याची बायको, सगळे गडावरच होते. कापडाला नाक लावून तो एकेक दगड रंगवू लागला. दगडावरचे शेवाळ रंगवले, फटीतली मुंगीसुद्धा सोडली नाही. मुंगी बघायला शत्रू इतक्या जवळ कशाला येतोय, हे काही त्याच्या डोक्यात आले नाही.

रंग वाटता वाटता बायको म्हणाली, "अहो, एकदा टेकडीवर जाऊन बघून या."

"वेळ कुठे आहे? महाराजसुद्धा फसले. खरी समजून हात लावून गेले."

"महाराज इथून बघतात. शत्रू तिथून बघणार आहे."

कुरकुरतच तो निघाला. उन्हे कलताना धापा टाकत टेकडीवर पोचला, मागे वळला आणि त्याने गडाकडे पाहिले. ना शेवाळ, ना दगड. गडाच्या भिंतीत कुणी मळकट चादर वाळत घातल्यासारखे दिसत होते. तिथेच बसून रडावे असे त्याला वाटले, पण रडायलाही वेळ नव्हता.

तो धावत परतला. बारीक कुंचला टाकून त्याने केरसुणी काळ्या रंगात बुडवली आणि नाजूक दगडांवर जाड फराटे ओढायला सुरुवात केली.

राजाचा हात तलवारीवर गेला. "वेड लागलं का तुला? सगळं नासवलंस."

"टेकडीवरून बघा महाराज, मग माझी मान उडवा," चितारी म्हणाला. त्याचा हात थांबला नाही.

राजा गेला. टेकडीवरून बघून परत आला. त्याने दुसरी केरसुणी उचलली आणि विचारले, "कुठे ओढू?"

सकाळी शत्रूचा सेनापती टेकडीवर आला. वाऱ्याने कापड हलू नये म्हणून गडावरची बायामाणसे आतून ते घट्ट धरून उभी होती. चिताऱ्याच्या शेजारी त्याची बायको होती. कुणी खोकलेदेखील नाही. सेनापतीने भिंत बराच वेळ न्याहाळली, मान हलवली आणि घोडा माघारी वळवला.

तात्पर्य: काम जवळून करावे, पण त्याची पारख चार पावले मागे जाऊन, बघणाऱ्याच्या जागी उभे राहून करावी.