दाराच्या पाचरी



एका तळ्याचं राज्य एका लाकडी दाराच्या जिवावर चालत होतं. बांधातलं ते दार वर उचललं की जादा पाणी ओढ्याला जाई. दाराची राखण भिवा नावाच्या पाणमांजराकडे होती. बांधाच्या पायथ्याशी त्याचं बीळ होतं. बिळात तीन पिल्लं होती, अजून डोळे न उघडलेली.

दार खाचेत सैल होतं, त्यामुळे सारखं खडखडायचं. दुपारी कुणाचा डोळा लागेना. भिवाने बाभळीची पानासारखी पातळ पाचर तासली, मिशीने फट मोजली आणि पाचर अलगद बसवली. खडखड थांबली. साऱ्या तळ्याने त्याला वाखाणलं.

मग बगळा आला. "भिवाभाऊ, डावीकडून पाणी ठिबकतं. ध्यान मोडतं माझं."

"ध्यान मोडतं की मासा पळतो?" बेडकीने विचारलं, आणि आपल्या अंड्यांसाठी उजवीकडची धार बंद करून मागितली.

पाचरी वाढत गेल्या. प्रत्येक निराळी, प्रत्येक नेमकी. आपली एकही पाचर चुकली नाही, याचा भिवाला मनातून अभिमान होता.

एका संध्याकाळी डोंगराकडून पाण्याचा लोंढा आला. तळं बांधाच्या काठाला लागलं. भिवा दार उचलायला गेला, पण ते हलेना. सगळ्यांनी मिळून जोर लावला, तरी हलेना.

"अजून एक पातळशी मारून बघा," कासव म्हणालं. "आजवर गुण आलाय."

"काढावी लागेल," भिवा म्हणाला.

"मग बेडकीची काढा," बगळा म्हणाला.

"आधी यांची," बेडकी म्हणाली.

भिवाने दोन्ही काढल्या. दार जागचं हललं नाही. त्याने पिल्लं एकेक करून तोंडात धरली आणि बांधावरच्या दगडावर नेऊन ठेवली. बांध फुटला तर तो दगडही राहणार नव्हता.

मग तसाच मागे फिरून भिवाने पाण्यात बुडी मारली आणि खाचेवरून मिशी फिरवली. उरलेल्या पाचरी एकीवर एक रेलल्या होत्या, आणि सगळ्यांचा भार तळाशी असलेल्या त्या पहिल्या, वाखाणलेल्या पाचरीवर होता. तिच्यावर अजून त्याच्या दातांच्या खुणा होत्या. त्याच खुणांत दात रोवून त्याने ती ओढली.

दार खडखडलं.