झुबकीचा लाल मोजा

एवढीशी खार. नाव झुबकी. शेपटी अंगापेक्षा मोठी.

झुबकी राहायची एका घराच्या अंगणातल्या कडुलिंबाच्या ढोलीत. ढोलीत तिचं एकच पिल्लू. पिल्लाला एकच पांघरूण. लाल लोकरीचा मोजा. पिल्लू मोज्यात शिरायचं. नाक तेवढं बाहेर ठेवायचं.

एकदा काय झालं? आधीच थंडी. त्यात वारा सुटला. सूं सूं, सूं सूं. वाऱ्याने ढोलीतला मोजा उडवला. मोजा पडला अंगणात. वाऱ्याने गोठ्यावरचा पत्रा उडवला. पत्रा पडला मोज्यावर. धडाम. मग गारा आल्या. ताड ताड, ताड ताड.

वारा गेला. गारा थांबल्या. ढोलीत पिल्लू उघडंच. कुड कुड, कुड कुड.

"थांब हं बाळा," झुबकी म्हणाली. "ऊन जायच्या आत मोजा आणते."

तुरु तुरु, तुरु तुरु. झुबकी गेली पत्र्याकडे.

"पत्र्या पत्र्या, ऊठ ना. मोजा सुटेल. मोज्यात पिल्लू निजेल."

पत्रा म्हणाला, "मी कसा उठू? मी केवढा जड. बाबांनी उचललं तर उठेन."

तुरु तुरु, तुरु तुरु. झुबकी गेली बाबांकडे.

बाबा पडवीत होते. खाटेवर, घोंगडीत. बाबांची कंपनी बंद पडली होती. नवं काम अजून मिळालं नव्हतं. म्हणून बाबा घरी. लोळून लोळून तेही जड झाले होते, पत्र्यासारखेच.

"बाबा बाबा, उठा ना. पत्रा उठेल. मोजा सुटेल. मोज्यात पिल्लू निजेल."

घोंगडी म्हणाली, "चहा मिळाला तर उठेन." म्हणजे घोंगडीच्या आतून बाबाच म्हणाले.

तुरु तुरु, तुरु तुरु. झुबकी गेली आईकडे.

आई नुकतीच अंगणवाडीतून आली होती. घरभर पाचोळा. आई झाडत होती. खर्र खर्र, खर्र खर्र.

"आई आई, चहा कर ना. बाबा उठतील. पत्रा उठेल. मोजा सुटेल. मोज्यात पिल्लू निजेल."

आई म्हणाली, "पाणी उकळतंय. पण दूध कुठंय? कोरा चहा यांना चालत नाही. ढवळीने दूध दिलं तर करेन."

तुरु तुरु, तुरु तुरु. झुबकी गेली ढवळीकडे. ढवळी म्हणजे घरची शेळी. तिच्या डोक्यावर आता पत्रा नव्हता. नुसतं आभाळ.

"ढवळी ढवळी, दूध दे ना. चहा होईल. बाबा उठतील. पत्रा उठेल. मोजा सुटेल. मोज्यात पिल्लू निजेल."

ढवळी म्हणाली, "बें. माझी पाठ गारठली. पाठ गारठली की मी दूध चोरते. पाठीवर गोणपाट घातलं तर देईन."

तुरु तुरु, तुरु तुरु. झुबकी गेली गोणपाटाकडे. गोणपाट होतं मागच्या खोलीत.

"गोणपाटा गोणपाटा, चल ना. दूध निघेल. चहा होईल. बाबा उठतील. पत्रा उठेल. मोजा सुटेल. मोज्यात पिल्लू निजेल."

गोणपाट हळूच म्हणालं, "मी कसं येऊ? वर बघ कोण बसलंय. आजोबा उठले तर येईन."

झुबकीने वर बघितलं. आजोबा बसले होते. डोक्यावर कानटोपी. कानटोपीला गोंडा. आजोबा तुरीच्या शेंगा सोलत होते. टच्, टच्, टच्.

"आजोबा आजोबा, उठा ना. गोणपाट येईल. दूध निघेल. चहा होईल. बाबा उठतील. पत्रा उठेल. मोजा सुटेल. मोज्यात पिल्लू निजेल."

आजोबा उठले नाहीत. परवाच ते बाबांना म्हणाले होते, "किती लोळशील रे भागवत?" बाबांना ते लागलं. तेव्हापासून दोघं बोलतच नव्हते. बाबा पुढच्या टोकाला, आजोबा मागच्या टोकाला. मध्ये एवढंसं घर.

आजोबा म्हणाले, "भागवतने हाक मारली तर उठेन. मी मोठा. मी आधी बोलणार नाही."

आता काय करायचं? पुन्हा बाबांकडे.

तुरु तुरु, तुरु तुरु.

"बाबा बाबा, हाक मारा ना. आजोबा उठतील. गोणपाट येईल. दूध निघेल. चहा होईल. बाबा उठतील. पत्रा उठेल. मोजा सुटेल. मोज्यात पिल्लू निजेल."

घोंगडी म्हणाली, "अण्णांनी आधी हाक मारावी. मग मी बोलेन."

अण्णा म्हणजे आजोबाच.

झुबकीने अंगणात बघितलं. ऊन भिंतीवर गेलं होतं. ढोलीतून आवाज येत होता. कुड कुड, कुड कुड.

झुबकीला आला राग. एवढीशी खार आणि एवढा मोठा राग. शेपटी फुलली. फुलून कुंचा झाली.

"मोठी माणसं म्हणे," झुबकी म्हणाली. "एक म्हणतो, तू आधी. दुसरा म्हणतो, तू आधी. आणि माझं पिल्लू तिकडे कुडकुडतंय."

आता झुबकीने कुणालाच काही विचारलं नाही.

तुरु तुरु, मागच्या खोलीत. तुरु तुरु, आजोबांच्या पाठीवर. तुरु तुरु, आजोबांच्या खांद्यावर. झुबकीने कानटोपीचा गोंडा दातात धरला. ओढला. फटाक. टोपी निघाली. आजोबांचं टक्कल चकाकलं.

झुबकी पुढे, टोपी मागे. सरपट, सरपट. आईच्या झाडूवरून. चहाच्या पाण्याजवळून. पडवीत. खाटेवर. थेट बाबांच्या पोटावर.

घोंगडी हलली. घोंगडीतून एक डोळा बाहेर आला. डोळ्याने टोपी बघितली. दुसरा डोळा बाहेर आला. मग तोंड बाहेर आलं.

"अण्णा," तोंड म्हणालं, "अहो अण्णा, तुमची टोपी चालली."

झाली की हाक.

आजोबांच्या हातातली शेंग तशीच राहिली. "आलो रे," आजोबा म्हणाले. "आलो रे भागवत."

आणि आजोबा उठले.

आजोबा उठले, तसं गोणपाट आलं. ढवळीच्या पाठीवर जाऊन बसलं. गोणपाट आलं, तसं दूध निघालं. चुर्र चुर्र, चुर्र चुर्र. दूध निघालं, तसा चहा झाला. खद खद, खद खद. आईने दोन कप भरले. एक बाबांना, एक आजोबांना. दोघं एकाच खाटेवर बसले. फुर्र फुर्र, फुर्र फुर्र.

आजोबा कपात बघत म्हणाले, "परवा मी जरा जास्तच बोललो."

बाबांनी टोपी झटकली. आजोबांच्या डोक्यावर घातली. कान नीट झाकले.

"मला राग नाही अण्णा," बाबा म्हणाले. "मलाच कंटाळा आलाय लोळायचा."

मग दोघांनी एकेक घोट घेतला. झुबकीने एवढं एकच मिनिट त्यांना दिलं. मग ती खाटेच्या पायावर चढली. चिक चिक, चिक चिक. ऊन चाललं, ऊन चाललं.

चहा झाला, तसे बाबा उठले. बाबा उठले, तसा पत्रा उठला. एक टोक बाबांनी धरलं. दुसरं टोक आजोबांनी धरलं. खडाम खुडुम, खडाम खुडुम. पत्रा उठला, तसा मोजा सुटला.

मोजा कसा होता माहितीये? कोरडा. अगदी कोरडा. एक गार लागली नव्हती त्याला.

"मी होतो ना वर," पत्रा म्हणाला. "सगळ्या गारा मीच खाल्ल्या."

झुबकीने मोजा तोंडात धरला. तुरु तुरु, तुरु तुरु. खोडावरून वर. ढोलीत आत. पिल्लू मोज्यात शिरलं. आधी शेपटी, मग पोट, मग कान.

कुड कुड थांबली.

खाली बाबा शिडीवर चढले. आजोबांनी शिडी धरली. गोठ्यावर पत्रा बसला. ठक ठक, ठक ठक. आजोबा म्हणाले, खिळा तिरका जातोय. बाबा म्हणाले, सरळच आहे. आई हसली. बोलले बाई एकदाचे.

वर झुबकीने डोळे मिटले. पिल्लाने नाक तेवढं बाहेर ठेवलं.

ढवळी ऊबदार. बाबा, आजोबा ऊबदार. पिल्लू तर फारच ऊबदार.

आणि तू? बघू तुझे पाय.

हं. ऊबदार.