पंगतीबाहेरचा शिष्य

माळावरच्या एका खेड्यात एक वृद्ध पाळक, म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरू, होते आणि त्यांच्याकडे सेवेचे शिक्षण घेण्यासाठी एकदा एक तरुण येऊन राहिला. त्यांच्या चर्चची मंडळी मोजकीच होती. दगडी चर्चमध्ये बाकेसुद्धा नव्हती. लोक चपला बाहेर काढून सतरंजीवर बसत आणि पाळकांना सगळेच बाबा म्हणत.

हा शिष्य कष्टाला वाघ होता. पहाटे उठून प्रार्थना, मग शास्त्राभ्यास, मग आजाऱ्यांच्या भेटी, आणि शुक्रवारी कडक उपास. महिन्यातून एका रविवारी प्रभुभोजन असे; प्रभूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीने भाकर आणि द्राक्षरस सगळ्यांना वाटत. तो रविवार आला की आदल्या दिवशी मनुका उकळून, वस्त्रातून गाळून रस तोच करी आणि भाकर म्हणून गव्हाच्या पोळ्याही तोच भाजत असे. एकही पोळी कधी करपली नाही. मात्र ते ताट वेदीवर ठेवून झाले की तो मागे येऊन भिंतीपाशी बसे, आणि बाबांनी लोकांना पुढे बोलावले तरी जागचा हलत नसे. कोणी विचारले तर मान खाली घालून म्हणे, "माझी तयारी अजून झाली नाही."

खरे सांगायचे तर त्याचे हे वागणे ऐकून कोणालाही त्याच्याविषयी आदरच वाटावा. मलाही वाटतो. पवित्र गोष्टीला इतके जपणारी माणसे फार थोडी असतात. गावालाही तसेच वाटले आणि पंचाईत झाली ती तिथेच. एवढा उपासतापास करणारा हा माणूस मागे बसतो, मग आपण कोण, असे म्हणत आधी चारदोन तरुण मागे बसू लागले. मग त्यांच्या आया बसल्या. प्रत्येक महिन्याला वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकणारे कमी होत गेले आणि पोळ्या उरू लागल्या.

शेवटी राहेलबाईही उठेनाशी झाली. ही मंडळीतली सर्वांत म्हातारी बाई. दम्याने इतकी खंगली होती की चर्चपर्यंत यायला तिला वाटेत बसत बसत यावे लागे, आणि पुढच्या महिन्याचे काही खरे नाही असे ती स्वतःच सांगे. आयुष्यभर तिने प्रभुभोजन कधी चुकवले नव्हते. त्या रविवारी शेजारणीने तिला उठवायला हात दिला, तर ती पदराने डोळे पुसत म्हणाली, "नगं गं माय. त्या पोराची तयारी झाली न्हाई, तिथं माझी कशी व्हायची?"

हे बाबांनी ऐकले. भाकर हातात घेतलेली होती, ती त्यांनी ताटात परत ठेवली, वर वस्त्र झाकले, अंगातला पांढरा झगा काढून खुंटीला अडकवला आणि सगळ्यांच्या देखत ते मागे चालत आले. शिष्याच्या शेजारी सतरंजीवर मांडी घालून बसले आणि डोळे मिटून घेतले.

कठड्याशी गुडघे टेकून बसलेली तीनचार माणसे वळून वळून पाहू लागली. शिष्य तर घामाघूम झाला. तो हळूच म्हणाला, "बाबा, लोक खोळंबलेत."

"खोळंबू देत. मीही खोळंबलोय."

"कशासाठी?"

"लायक होण्यासाठी. सकाळी घरात चहाला उशीर झाला म्हणून मी बायकोवर ओरडलो. मघाशी प्रार्थना म्हणताना माझं अर्धं चित्त गुडघ्याच्या दुखण्यात होतं. माझी तयारी झाली की उठेन."

"बाबा, तुम्ही असं म्हटल्यावर आम्ही कुठं जायचं?"

"तेच तुला विचारतोय. इथं बसलेल्यांत जो लायक असेल त्याला उठव. तो मोडेल भाकर."

शिष्याने सगळ्यांवरून नजर फिरवली. जो तो खाली पाहत होता. राहेलबाईचा श्वास तेवढा ऐकू येत होता, आणि तिची नजर त्या झाकलेल्या ताटावर होती. ती उपाशी जाणार, कदाचित कायमची, आणि तेही आपल्यामुळे, हे तेव्हा त्याला उमगले. तो म्हणाला, "बाबा, माझं काय चुकलं? मी तर त्या भोजनाचा मान राखत होतो."

बाबांनी डोळे उघडले. "पोळ्या तू भाजल्यास, म्हणून तुला वाटलं पंगतही तुझीच. यजमान वेगळा आहे, बाळा. त्यानं ज्या रात्री पहिल्यांदा भाकर मोडली, त्या रात्री पंगतीला कोण बसलं होतं ते आठव. एकानं त्याला विकलं होतं. दुसरा, कोंबडा आरवायच्या आत, त्याला नाकारणार होता. उरलेले पळून जाणार होते. हे सगळं त्याला ठाऊक होतं. तरी त्यानं ताट पुढं केलं. कोणाला म्हणाला का, आधी सुधारून या? आपल्या मनाची परीक्षा करा असं शास्त्रात प्रेषितानं सांगितलं आहे खरं, पण ती करून जेवायला या म्हणून सांगितलं आहे. परीक्षा केली की एवढंच कळतं, की आपल्याला भूक लागली आहे. जी तयारी लागत होती ती त्यानं वधस्तंभावर केली, आणि तीत भर घालायला जागाच ठेवली नाही. याला कृपा म्हणतात. ती घेऊनच तिचा मान राखायचा असतो."

"मग माझे उपास, माझी सेवा? ते सगळं वाया?"

"वाया कशाला? अरे, कष्ट कर की! भरपूर कर. पण जेवून कर. जेवणाचा मोबदला म्हणून करू नकोस."

एवढे बोलून बाबांनी पुन्हा डोळे मिटले. ते काही उठले नाहीत.

शिष्य उठला, आणि वेदीकडे जाण्याआधी बायकांच्या बाजूला जाऊन राहेलबाईसमोर वाकला. "आजी, चला. एकट्यानं पुढं जायची मला भीती वाटते."

म्हातारीने त्याला आपादमस्तक न्याहाळले. "झाली व्हय रं तुझी तयारी?"

"नाही आजी. तसाच चाललोय."

"तसाच?" ती क्षणभर थांबली, आणि मग तिच्या सुरकुतलेल्या तोंडावर असे हसू फुटले की पाहणाऱ्यांचे डोळे भरून आले. "मग धर पोरा मलाबी. मी तर जल्मभर तशीच येत हुते. तुझ्याकडं बघून इसरले बघ."

तिला धरून तो कठड्याशी गेला. मागोमाग ते तरुण उठले, त्यांच्या आया उठल्या, सगळी सतरंजी रिकामी झाली. बाबांना लगबगीने झगा चढवावा लागला, आणि त्या गडबडीत तो उलटा चढला तो तसाच राहिला. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा पोळ्या कमी पडतात की काय असे वाटू लागले. बाबा तुकडे लहान लहान करत गेले. शिष्याच्या तळहातावर तुकडा ठेवताना ते नेहमीचेच शब्द म्हणाले, "हे तुझ्यासाठी." आपल्याच हाताने भाजलेली ती पोळी त्याने आजवर कधी चाखली नव्हती. चावता चावता तो लहान मुलासारखा रडू लागला.

सर्वांना देऊन झाले. ताटात एकच तुकडा राहिला होता. बाबांनी तो स्वतः उचलला नाही. ताट त्यांनी शिष्याच्या हाती दिले, दुखरे गुडघे हळूहळू टेकून ते त्याच्यापुढे बसले आणि इतरांसारखेच दोन्ही हात पसरले.

शिष्याने तो तुकडा उचलून गुरूंच्या हातावर ठेवला. हे देण्याची आपली लायकी आहे का, असे त्याने त्या दिवशी कोणालाच विचारले नाही.