कोठडीतला एक शब्द

लढाईत धरून आणलेली सिद्दव्वा गडाच्या कोठडीत तान्ह्या मुलाला कवटाळून सारखा एकच शब्द म्हणत होती, "हाल, हाल." ते किल्लेदार रायाजीरावांच्या कानी गेलं आणि त्यांचं पित्त खवळलं.

"माझ्या गडावर हाल होतात म्हणून बोंब मारते? फटके द्या तिला."

दुभाषी गिरमाजीपंत पुढे झाले. मुलाचं रडणं सकाळपासून बारीक होत चाललं होतं. ते हळूच म्हणाले, "सरकार, बाई कानडी आहे. कानडीत हाल म्हणजे दूध. तिचं अंगावरचं आटलंय, मुलासाठी मागतेय."

"गड माझा आहे, पंत. इथे शब्दाचा अर्थ मी सांगेन तोच."

"अगदी खरं, सरकार. मग तुम्हीच ठरवा. दूध दिलंत तर तिचा अर्थ खरा. फटके दिलेत तर तुमचा."

रावांनी चाबूकवाल्याला माघारी बोलावलं आणि दूध पाठवायला सांगितलं.

वाटी आत गेली. मूल चुटूचुटू प्यायलं. मग कोठडीला पुन्हा कुलूप लागलं, आणि पंतांना वाटलं, किल्लेदारांचा अर्थही काही अगदीच खोटा नव्हता.